लोड होईपर्यंत कुणी बोलायचं नाही

विलास परब गेल्याची बातमी मला ज्या ग्रुपवर कळली, त्याच ग्रुपमधून त्याला गेल्या गणपतीच्या आधी काढून टाकलं होतं. सकाळी कुकर लावला आणि सवयीने मोबाईल उघडला, तर कुणीतरी लिहिलं होतं, ‘लालबागचे विलास परब काल गेल्याचं समजतं. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागलेली. ज्यांनी त्याला ‘टेपेवर बसलेला नागोबा’ म्हटलं होतं त्यांचे हात जोडलेले, ज्यांनी त्या नागोबावर हसरे चेहरे टाकले होते त्यांचेही जोडलेले. आणि त्या रांगेतच एका सद्गृहस्थांनी विचारलं होतं, ‘त्यांच्या कलेक्शनचं आता काय? ती टेप कुणाकडे आहे?’ मी मोबाईल पालथा घातला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळलंच नाही, भात खाली लागला. थोड्या वेळाने रेखावहिनींचा, म्हणजे विलासच्या बायकोचा फोन आला. म्हणाल्या, “बाई, तुम्हाला पहिलं कळवायला पाहिजे होतं, पण काल हातपायच हलेनात.” मी म्हटलं, मला कळलंय. कुठून कळलं ते सांगायची मला लाज वाटली… माझी नव्हे, त्या ग्रुपची.

ग्रुप कसला आणि टेप कसली, हे आधी सांगायला हवं. आम्ही काही लोक जुने घरगुती कॉम्प्युटर जपतो. आमच्या तरुणपणी कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्डाचा डबा असायचा. पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांच्या असतात तशा साध्या कॅसेट. टेपरेकॉर्डरची वायर त्या डब्याला जोडायची, कॅसेट लावायची आणि थांबायचं. पाटीवर खडू उलटा ओढावा तशी किर्र किंचाळी काही मिनिटं चालायची. ती संपली की एकतर पडद्यावर काहीतरी सुंदर उमटायचं, नाहीतर एका ओळीत चूक झाल्याचं कळायचं आणि सगळं पहिल्यापासून. असला एक करडा डबा माझ्या वडिलांनी मी कॉलेजात असताना माझ्यासाठी आणला होता. पुढे मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, तेव्हा तो माळ्यावरून काढला, पुसला आणि या मंडळींत जाऊन पडले.

मला वाटलं होतं, समदुःखी माणसं असतील, गोडीने बसत असतील. कसलं काय. दोन भांडी एकत्र आली की वाजणारच म्हणतात, इथे तर भांड्यांचं दुकान. काळा डबा वापरणारे आणि करडा डबा वापरणारे यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता म्हटलं तरी चालेल. वयाने पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध लावून पांढरं करावं की नाही, यावर दोन सख्खे साडू एकमेकांच्या घरच्या पूजेला जायचे बंद झाले. जुन्या मशीनमध्ये कुणी नवा भाग बसवला की त्याला ‘खाटीक’ म्हणायचं, आणि न बसवता मशीन बंदच ठेवलं तर ‘पुजारी’. नवख्याने काही विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, ‘आधी जुने मेसेज वाचा.’ आणि नियम क्रमांक चार: इथे फक्त यंत्रांविषयी बोलायचं, घरगुती भावना इथे नकोत. एकाने आपल्या वारलेल्या आजोबांच्या मशीनचा फोटो टाकून चार ओळी लिहिल्या, तर त्याला हा नियम तीन जणांनी पाठवला.

दादरच्या एका सभागृहात मी पहिल्यांदा त्यांच्या बैठकीला गेले. डबा, टेपरेकॉर्डर, वायरी असं सगळं पिशवीत भरून मी जिना चढले होते. टेबलावर मांडत होते तेवढ्यात एकाने विचारलं, “मॅडम, मिस्टरांचं का हे?” मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, “जिना चढून पिशवी कोणी आणली बघितलंस ना? मग त्यांचं.” हा विलास. मध्यम उंची, चौकटीचा शर्ट, कानावर पेन. शिवडीला एका माल वाहतुकीच्या ऑफिसात आयुष्य काढलेलं, मूळ गाव मालवणकडे, जन्म लालबागच्या चाळीतला. मला म्हणाला, “बाई दिसता शाळेतल्या.” ओळखलं कसं विचारलं, तर म्हणाला, “तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, तो लगेच खाली बसला.” त्या दिवसापासून मी बाई झाले. मी पुढे त्याला अरेतुरे करू लागले, तो मात्र शेवटपर्यंत ‘बाई’ आणि ‘तुम्ही’.

विलास फार मोठा जाणकार होता, असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाला उगाच शेंदूर फासायचा नाही, त्याला ते आवडलंही नसतं. त्याचे अंदाज निम्मे बरोबर यायचे आणि निम्मे चांगलेच अंगाशी यायचे. पण एक गोष्ट त्याने त्या भांडखोर जमावाला लावली होती. कॅसेट सुरू झाली की हात वर करून म्हणायचा, “लोड होईपर्यंत कोणी बोलायचं नाय.” वायर जोडलेली असताना बोलण्याने काहीही बिघडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. समीरने, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्या आमच्या तरण्या ॲडमिनने, त्याला ते शास्त्रशुद्ध समजावूनही सांगितलं. विलास म्हणाला, “बरोबर हा तुझा. पण गप बस.” आणि मग खरोखरच, काळेवाले, करडेवाले, खाटीक, पुजारी, सगळे एका खोलीत हातांची घडी घालून ती किंचाळी ऐकत बसायचे. महिन्यातून तेवढी काही मिनिटं आमच्यात शांतता नांदायची.

आता ती टेप. बारावीत असताना विलासने एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्या डब्यांना इंग्रजीच तेवढी यायची. याने आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून रंगवून मराठी अक्षरं बसवली आणि ती टीव्हीवर एकामागून एक उमटवली. त्या वर्षी गणपतीत अख्खी चाळ त्यांच्या खोलीत ते बघायला आली होती. कॉम्प्युटर मामाचा, मामा बोटीवर होता. मूळ कॅसेटवर पुढे घरातल्याच कुणीतरी चुलत बहिणीच्या लग्नातली गाणी भरली. उरली होती ती एक नक्कल, आणि ती याने कशी केलेली, तर दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, एक वाजवायचा आणि दुसऱ्याने ऐकून भरून घ्यायचं. “प्रोग्रॅम लिहायची अक्कल होती,” तो सांगायचा, “पण तो लोड करून पुन्हा सेव्ह करायची अक्कल नव्हती. वाटलं, आपल्या कानाला ऐकू येतंय म्हणजे त्याच्याही येणार.” ती नक्कल कधीच लोड झाली नाही. तरी ग्रुपमध्ये कळल्यावर खळबळ उडाली. ‘मराठीतला पहिला प्रोग्रॅम’ म्हणून समीरने जाहीरच करून टाकलं. विलास म्हणाला, “पहिला-बिहिला काय नाय. आमच्या मजल्यावरचा पहिला.”

टेप दुरुस्त करता येईल म्हणून समीरने एका बैठकीत ती हेडफोन लावून ऐकली. मुलगा वाईट नाही, हुशार आहे, नवीन यंत्रं वापरून जुने आवाज साफ करतो. त्या संध्याकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘चांगली बातमी. खराब भाग थोडाच आहे. मध्येच कोणीतरी म्हातारा बडबडतोय, तेवढा काढला की काम झालं.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांचा सडा. कुणी लिहिलं, म्हाताऱ्याला आधी म्यूट करा. कुणी लिहिलं, जुन्या मेसेजेसमध्ये बघायला सांगा म्हाताऱ्याला. विलासने दुसऱ्या दिवशी एकच ओळ लिहिली: ‘टेप देणार नाही.’ का, ते लिहिलं नाही. मग जे सुरू झालं ते विचारू नका. वारसा, समाजाची ठेव, नागोबा, आडमुठा, प्रसिद्धीचा भुकेला… तो गप्प. मी मध्ये पडून दोन शब्द सुनावले, तर ‘मॅडमना यातलं तांत्रिक कळत नाही’ असं उत्तर आलं. पंधरवडा हे चाललं आणि शेवटी समीरने त्याला काढलं.

मी तणतणत लालबागला गेले. चाळीच्या जागी आता टॉवर झालाय. विलासच्या नव्या घराच्या खिडकीतून शिवडीकडची गोदामं आणि त्यापलीकडे खाडीचा चिखल दिसतो. मी म्हटलं, मीही सोडते तो ग्रुप. तर म्हणाला, “अजिबात नाय. तुम्ही सोडलात तर मला भांडणं कोण वाचून दाखवणार?” मग त्याने टेपरेकॉर्डर काढला आणि ती कॅसेट लावली. वायर जोडली नाही, नुसती वाजवली. हात वर केला. मी गप्प बसले, आत गॅसजवळ रेखावहिनी गप्प उभ्या राहिल्या. किर्र किर्र चालू होतं, आणि मध्येच, लांबून, एका पुरुषाचा जरासा घोगरा आवाज आला, “झाला काय रे?” पाठोपाठ बाईचं “श्शू”. मग पुन्हा किंचाळी, शेवटपर्यंत.

“बाबा,” विलास म्हणाला. गिरणी बंद पडल्यापासून वडील खिडकीशी बसून असायचे. सकाळचा चहा घेतला की संध्याकाळपर्यंत शब्द नाही. विलासने नक्कल करताना घरात सगळ्यांना दम भरला होता की पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. शेजारच्यांनी मुलं बाहेर नेली, आईने भाजी चिरायची थांबवली. आणि दिवसभर न बोलणारा माणूस नेमका तेवढ्यात बोलला. “मी किती ओरडलो असेन त्यांच्यावर त्या दिवशी. ते काय बोलले माहितीय? म्हणाले, माका वाटला, झाला असात, म्हणून इचारलंय.” पुढच्याच वर्षी ते गेले. घरात फोटो दोन आहेत, पण आवाज फक्त तिथे. विलास कॅसेट डबीत घालत म्हणाला, “आणि म्हातारा कसला, बाई? तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी लहान असेल तो. आता मी म्हातारा.” मी म्हटलं, हे ग्रुपवर सांग, सगळे माफी मागतील. तो म्हणाला, “नियम क्रमांक चार. आणि तुम्ही पण सांगायचं नाय.” त्याच्या हयातीत मी सांगितलं नाही. राग गिळला, पण सांगितलं नाही.

त्यानंतरचे महिने मात्र आमचे फार मजेत गेले, हेही लिहायला हवं. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. “काय बाई, आज कोण कोणाच्या उरावर?” मी त्या दिवसाची भांडणं वाचून दाखवायची, आणि तो असा खदखदून हसायचा की मागून वहिनी ओरडायच्या, ठसका लागेल. भांडणात कुणाचा खरा प्रश्न दिसला, कुणाचं मशीन चालू होत नाही, कुणाची कॅसेट अडकते, की लगेच आवाज बदलायचा. “लिहून घ्या. त्याला सांगा…” आणि मी आपल्या नावाने ते ग्रुपवर टाकायची. तांत्रिक न कळणाऱ्या मॅडम एकदम तज्ज्ञ झाल्या. लोक ‘मॅडमना विचारा’ म्हणू लागले. समीरने एकदा ‘मॅडम, तुमच्याकडून खूप शिकतोय’ असं लिहिलं, ते वाचून दाखवल्यावर विलासला इतका आनंद झाला की त्याने ते पुन्हा वाचायला लावलं. एकदा त्याने सांगितलेल्या औषधाने ठाण्याच्या एका गृहस्थांच्या कीबोर्डावरची अक्षरंच पुसून गेली, आणि शिव्या मी खाल्ल्या. “नाव तुमचं, बाई,” तो म्हणाला, “मोठेपण घेतलात, आता ह्यो पण घ्या.” उत्तर दिल्यावर दुसऱ्या दिवशी फोन उचलताच, हॅलोच्याही आधी, त्याचा एकच प्रश्न असायचा, “झाला काय?” म्हणजे त्या माणसाचं मशीन सुरू झालं का. नाही म्हटलं तर दिवसभर त्याच्या डोक्यात तेच. ज्यांनी हाकललं त्यांच्या डब्यांची इतकी काळजी कशाला करतोस, असं मी वैतागून विचारलं, तेव्हा म्हणाला, “डब्याने काय घोडं मारलंय माझं?”

आणि मग ती बातमी. छातीत दुखलं, हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. दहाव्याला मी गेले तेव्हा वहिनींनी विचारलं, “ग्रुपची माणसं टेप मागतायत का हो?” मी खरं ते सांगितलं, की पहिल्याच दिवशी मागितली. माझी इच्छा होती की त्यांनी ती कुलपात घालावी आणि किल्ली खाडीत फेकावी. वहिनींनी कपाटातून टेपची डबी काढली. मग म्हणाल्या, “बोलवा त्यांना. इथेच बोलवा. येऊ देत ज्यांना यायचंय ते.” मी म्हटलं, वहिनी, ही माणसं कशी आहेत तुम्हाला माहीत नाही. त्या म्हणाल्या, “मला माहितीय. रोज स्पीकरवर ऐकायची मी.”

एका रविवारी दुपारी ते आले. समीर आला, साफसफाईचं यंत्र आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन. ते रुसलेले साडू आले, एकमेकांपासून लांब बसले. ठाण्याचे अक्षरं पुसलेले गृहस्थही आले. कुणाला कुठे बघावं कळत नव्हतं. समीर चाचरत म्हणाला, “मॅडम, तुम्ही सगळं समजावून सांगितलंत तर… म्हणजे तुम्हाला यातलं आमच्यापेक्षा जास्त…” मी म्हटलं, “मला काही येत नाही. ती सगळी उत्तरं त्याची होती.” खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे मी बोट दाखवलं. वहिनी म्हणाल्या, “रोज फोनवर शाळा भरायची ह्यांची.” ठाण्याचे गृहस्थ पुटपुटले, “ते औषधपण?” मी म्हटलं, “तेपण.” कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच जरा सैल झाले.

वहिनींनी विलासचा डबा टीव्हीला जोडायला सांगितला, वायर लावायला सांगितली, टीव्हीचा आवाज मोठा करायला सांगितला. स्वतः आत जाऊन मंद आचेवरचं दूध उतरवून आल्या. मग त्यांनी हात वर केला. त्या बाईंनी उभ्या जन्मात कधी तो डबा चालवला नव्हता, पण हात अगदी त्याच्यासारखा वर केला. “लोड होईपर्यंत कोणी बोलायचं नाय.” किंचाळी सुरू झाली. टीव्हीच्या कडांना रेघा नाचू लागल्या. सगळे हातांची घडी घालून बसले. आणि मग तो आवाज आला, “झाला काय रे?”

मी तो आवाज आधी ऐकला होता. पण इतके महिने न कळलेली गोष्ट मला त्या दिवशी कळली. रोज फोनवर हॅलोच्या आधी मला जो प्रश्न यायचा, तो हाच, ह्याच चालीत. समीरने मान वर केली. त्याला तो आवाज ओळखीचा होता, हेडफोनमधला. “हे कोण आहेत?” त्याने अगदी हळू विचारलं. वहिनींनी बोट ओठांवर ठेवलं. किंचाळी शेवटपर्यंत गेली, थांबली, आणि पडद्यावर चुकीची ती एक ओळ आली. मग वहिनींनी सांगितलं, “आमचे मामंजी.”

समीरचा चेहरा बघवत नव्हता. त्याने लॅपटॉपची उघडलेली बॅग पायाने मागे सारली. मग एक साडू म्हणाले, की आवाज आलाय तेवढ्या तुकड्यातली अक्षरं गेलीच असणार, ती काही परत यायची नाहीत. दुसरे साडू म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” कित्येक वर्षांत ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलत होते, असं मला नंतर कळलं. वहिनी समीरला म्हणाल्या, “तुला नक्कल पाहिजे ना? घे. सगळ्यांना दे. पण आमच्या मामंजींना त्यातून काढायचं नाही.” समीरने नक्कल घेतली. आता ती आमच्या संग्रहात विलासच्या नावाने आहे, आहे तश्शी, आवाजासकट, कधीही लोड न होणारी. नियम क्रमांक चार कुणी रद्द केला नाही, पण अलीकडे तो कुणी कुणाला पाठवत नाही. भांडणं चालू आहेत. प्लास्टिकचा प्रश्न सुटलेला नाही, सुटणारही नाही.

संध्याकाळी फोन वाजत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही. त्या वेळेला मी उगाच काहीतरी कामं काढते, डाळी निवडते. रागही अजून पूर्ण गेलेला नाही. विलासने तो त्यांच्यावर कधी धरला नाही, म्हणून त्याच्या वाट्याचाही मीच धरून बसले होते, आणि आता तो ठेवायचा कुठे ते समजत नाही…

परवा अँटॉप हिलच्या एका निवृत्त गृहस्थांनी ग्रुपवर फोटो टाकला. सरकारी क्वार्टर सोडताना माळ्यावर भावाचा काळा डबा सापडला, टीव्हीवर चित्र नाचतं, कॅसेट लोड होत नाही, कुणी मदत करील का. मी वाट पाहिली, ‘आधी जुने मेसेज वाचा’ कोण लिहितंय त्याची. कुणी लिहिलं नाही. समीरने लिहिलं, ‘मॅडम?’ मला येत होतं ते मी लिहिलं: आधी टीव्हीची वायर बदला, टेपरेकॉर्डरचा आवाज पाऊण ठेवा, आणि कॅसेट सुरुवातीपासून लावा. खाली लिहिलं, ‘हे विलास परब यांनी सांगितलेलं.’ त्यांनी कळवलं, वायर बदलली, चित्र स्थिर आहे. मग बराच वेळ काही नाही. मला राहवेना. मी लिहिलं, ‘झाला काय?’ उत्तर आलं, ‘लोड होतंय.’

आणि मग त्या ग्रुपवर, जिथे दिवसभर कुणी कुणाला बोलू देत नाही, तिथे त्यांचं होईपर्यंत कुणी काही लिहिलं नाही.